दोन फुटी टाकीत खरी झाडं लावायची आहेत. कुठली घेऊ, कुठली सोडू?

अनगोळकर | ८ जून

नमस्कार मंडळी. हॉलमध्ये दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशी काचेची टाकी आहे. गप्पी, दोन काळ्या मॉली आणि एंजलची एक जोडी. आतापर्यंत प्लास्टिकची झाडं होती. त्यांच्यावर काळपट थर बसतो, ब्रशनं घासून घासून जीव जातो आणि आठवड्यात परत तेच. आता पोरगी मागं लागलीय, "पप्पा, खरी झाडं लावूया की."

दुकानात गेलो तर त्यानं एवढं दाखवलं की डोकंच चालेना. ॲमेझॉन स्वॉर्ड, कबोंबा, व्हॅलिस्नेरिया, अनुबियास, जावा फर्न, एक लालभडक रोटाला आणि एक जांभळ्या पानांचं झाड, ज्याचं नाव त्यालाही सांगता आलं नाही. लाल घ्या, लाल घ्या म्हणून लई आग्रह चालला होता. दिवा टाकीबरोबर आलेलाच, झाकणातला एलईडी. बजेट हजाराच्या आत. सीओटूचा (झाडांना कार्बन डायऑक्साइड द्यायचा) सिलिंडर सुचवू नका, तो घरात आला तर बायको सिलिंडरला आणि मला दोघांनाही व्हरांड्यात ठेवेल.

काय घेऊ?

निपाणीवाला | ८ जून

व्हॅलिस्नेरिया घ्या आणि गप बसा. आमच्या टाकीत गवतागत वाढालीय. कापून कापून कंटाळा आलाय.

टिळकवाडीचे_काका | ८ जून

निपाणीवाले, तुमचं बोअरचं पाणी आहे म्हणून तुम्हाला ते सोपं वाटतं.

अनगोळकर, झाडांची नावं जरा बाजूला ठेवा आणि आधी सांगा, टाकीत पाणी कुठलं घालता? नळाचं की बोअरचं? दुकानदार हा प्रश्न कधीच विचारत नाही, आणि निम्मी झाडं त्याच कारणानं मरतात.

कारण असं. पाण्याखाली झाडाला सगळ्यात जास्त चणचण असते ती कार्बनची. कार्बन डायऑक्साइड पाण्यात हवेपेक्षा जवळजवळ दहा हजार पट सावकाश पसरतो, त्यामुळं पानापर्यंत पुरेसा पोचत नाही. पण बोअरच्या जड, म्हणजे क्षार जास्त असलेल्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर असतं. व्हॅलिस्नेरिया, हायड्रिला, हॉर्नवर्ट यांना त्या बायकार्बोनेटमधून कार्बन काढून घेता येतो. कबोंबाला ते फारसं जमत नाही, मॉसला तर नाहीच. म्हणजे एकाच दुकानातनं दोघांनी तीच झाडं नेली तरी नळाच्या पाण्यावाल्याचं एक जगतं आणि बोअरवाल्याचं दुसरं. आणि दोघंही म्हणतात, "आपल्या हाताला गुण नाही."

अनुबियास आणि जावा फर्न यांची गोष्ट वेगळी. ती इतकी सावकाश वाढतात की त्यांची भूकच कमी. मऊ पाणी असो की जड, त्यांना फारसा फरक पडत नाही.

पाणी तपासायला किट नसेल तर घरातच कळतं. त्या पाण्यात तुरडाळ शिजायला कंटाळा करते का? बादलीच्या कडेला, गिझरच्या कॉइलवर पांढरं जमतं का? साबणाला फेस येतो का? तिन्हींची उत्तरं कुठल्या बाजूला जातात बघा आणि लिहा. आरओची सर्व्हिस करणाऱ्या पोराकडं टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) मोजायचं मीटर असतं, तो आला की दोन्ही पाण्यांत बुडवून घ्या. टीडीएस म्हणजे पाण्याचा जडपणा नव्हे, पण अंदाज येतो.

अनगोळकर | ९ जून

काका, नळाला येतं त्या दिवशी नळाचं, नाहीतर अपार्टमेंटच्या बोअरचं. टाकीत बहुतेक वेळा बोअरचंच जातं, कारण नळाचं प्यायला भरून ठेवतो. डाळीचं म्हणाल तर सौ. म्हणाल्या, "बोअरच्या पाण्यात कुकरच्या दोन शिट्ट्या जास्त." आरओवाल्याला फोन केला, त्यानं व्हॉट्सॲपवरच सांगितलं की तुमच्या नळाचं बोअरच्या निम्म्याहून कमी दाखवतं.

टिळकवाडीचे_काका | ९ जून

झालं की मग. तुमची निवड अर्धी झाली.

बेळगाव शहरातलं नळाचं पाणी राकसकोपचं म्हणजे मार्कंडेय नदीचं, नाहीतर हिडकलचं म्हणजे घटप्रभेचं. दोन्ही घाटमाथ्याकडच्या पावसाचं. बोअरचं पाणी खडकात मुरून, क्षार घेऊन येतं. दर आठवड्याला बदलताना एकदा हे, एकदा ते, असं करू नका. माशांनाही आणि झाडांनाही हा धक्का चालत नाही. एकच धरा. मॉली आणि गप्पींना बोअरचं मानवतं, एंजलला थोडं मऊ आवडतं पण ती हल्ली फार्ममध्ये वाढलेली असतात, सवय होते. मी तुमच्या जागी असतो तर बोअर धरलं असतं आणि यादीतला कबोंबा आणि लाल रोटाला आजच खोडला असता.

लाल रोटालाबद्दल एवढंच: ते खरंच रोटाला मॅक्रँड्रा असेल तर ते आपल्याच पश्चिम घाटातलं झाड. घरचंच म्हणून सोपं असेल असं वाटतं, पण त्याच्याइतकं नखरेल दुसरं नाही. मऊ पाणी, तगडा उजेड, वरून सीओटू. झाकणातल्या एलईडीखाली ते आधी लांबुडकं होतं, मग खालची पानं गाळतं, मग नुसत्या काड्या उरतात. आणि दुकानदाराला ते पुन्हा विकता येतं.

वडगावचा_माग | ९ जून

शेवटच्या वाक्याला शंभर लाइक.

खानापूरची_लाल_माती | १० जून

काकांशी बाकी सगळ्यात सहमत, पण स्वॉर्डबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते.

ॲमेझॉन स्वॉर्ड दुकानात वीतभर असतो. लागला की फूटभर उंच आणि तेवढाच रुंद. एक फूट उंचीच्या टाकीत पानं पाण्यावर येऊन दुमडतात आणि खालच्यांचा उजेड खातात. शिवाय तो मुळांनी खाणारा, नुसत्या धुतलेल्या रेतीत लावला तर पानं पिवळी, मग भोकं. घ्यायचाच असेल तर एकच घ्या आणि मध्ये लावू नका, कोपऱ्यात लावा. मला विचाराल तर घेऊच नका. त्याच्याऐवजी क्रिप्टोकोरीन वेंडटी मागा. श्रीलंकेचं झाड, बुटकं, कमी उजेडात चालतं, जड पाणी सोसतं, तपकिरी पानांचं घेतलंत तर पोरीला "रंगीत" झाडही मिळेल.

जांभळ्या पानांचं जे बिननावाचं आहे ते बहुतेक हेमिग्राफिस. ते पाण्यातलं झाडच नाही, कुंडीतलं आहे. पाण्यात महिनाभर तग धरतं आणि मग कुजून पाणी नासवतं. लकी बांबू, सिंगोनियम, मोंडो ग्रास यांचंही तेच. दुकानात सर्रास टाकीत उभी करून विकतात. ओळखायची एक खूण सांगतात की पाण्यातनं बाहेर काढल्यावर झाड ताठ राहिलं तर ते जमिनीवरचं. खूण अर्धीच खरी आहे. कारण खरी पाणझाडंसुद्धा नर्सरीत बहुतेक वेळा पाण्याबाहेर, नुसत्या दमट हवेत वाढवतात, ती लवकर वाढतात आणि त्यांवर शेवाळ नसतं. त्यामुळं तीही ताठ असतात. नाव विचारणं हाच उपाय. नाव सांगता येत नसेल तर पैसे देऊ नयेत.

दुसरं, आमच्या मातीबद्दल. खानापूरची लाल माती लोहानं भरलेली. ८०-९० च्या दशकात परदेशातले हौशी लोक अशीच जांभ्याची माती पाकिटातनं विकत घेऊन रेतीखाली घालत होते. आपल्याकडं ती परसात पडलीय. चाळून घ्यायची, बादलीत भिजवायची, वर तरंगणारा पालापाचोळा ओतून टाकायचा, असं पाणी बऱ्यापैकी निवळ होईपर्यंत. मग तळाला इंचभर थर आणि वर दीड-दोन इंच जाडी रेती. शेणखत मात्र चुकूनही नको, पहिल्या आठवड्यात अमोनियानं मासे जातील.

टिळकवाडीचे_काका | १० जून

ताई, मातीला माझा विरोध आहे. म्हणजे मातीला नाही, पहिल्याच टाकीत मातीला. घरात लहान पोर आहे, ती दर आठवड्याला झाड इथलं तिथं लावणार. एकदा मुळासकट उपटलं की लाल गढूळ. दोन दिवस टाकी चहासारखी.

खानापूरची_लाल_माती | १० जून

मुलगी आठवीत आहे की पाचवीत ते विचारा आधी 😄

बरं, मधला मार्ग सांगते. आमच्याकडं कुंभारकाम भरपूर, छोट्या भाजक्या कुंड्या, बोळकी, पणत्या मिळतात. रंग किंवा चकाकी न दिलेलं साधं बोळकं घ्या. तळाला दोन बोटं लाल माती, वर रेती, त्यात क्रिप्ट लावा आणि बोळकं रेतीत अर्धं गाडा. माती सगळ्या टाकीत पसरत नाही, झाड हलवायचं तर बोळक्यासकट उचलायचं. भाजलेल्या मातीनं पाणी बिघडत नाही.

टिळकवाडीचे_काका | १० जून

हे मान्य.

आणि मातीवरून आठवलं, तळाला पांढरे मार्बल चिप्स असतील तर काढा. शहाबादी फरशीचे तुकडे गुहा म्हणून उभे केले असतील तर तेही. दोन्ही चुनखडीचेच भाऊ, हळूहळू विरघळत पाणी आणखी जड करतात. बोअरच्या पाण्यात आधीच पुरेसं आहे. दगडावर लिंबू पिळा, फसफसला की बाहेर. लिंबू कमजोर पडतं असं वाटलं तर व्हिनेगर. जांभा चालतो, फक्त दोन-तीन दिवस पाण्यात ठेवून लाल पाणी जाऊ द्या. त्याच्या भोकांत मुळं फार छान धरतात.

अनगोळकर | ११ जून

मुलगी आठवीत आहे, पण काकांचा अंदाज बरोबर, रोज काहीतरी हलवते.

मार्बल चिप्स आहेत. 😐 काढतो.

अनुबियास कसं लावायचं? दुकानदार म्हणाला रेतीत खोचा.

वडगावचा_माग | ११ जून

खोचू नका! त्याचं जे आडवं जाड खोड असतं, आल्याच्या गड्ड्यासारखं, ते गाडलं की कुजतं. जावा फर्नचंही तसंच. मुळं रेतीत गेली तर चालतील, खोड वर पाहिजे. सगळ्यात सोपं म्हणजे दगडाला किंवा लाकडाला बांधायचं.

बांधण्याचं आमच्याकडं कळतं 😀 रंगीत रेशीम किंवा जर घेऊ नका, रंग सुटतो. साधा काळा पॉलिएस्टर धागा घ्या, खोडावरनं दोन वेढे, दगडाच्या खालून गाठ. खोडाला करकचून आवळायचं नाही, धागा रुतला की तिथून काळं पडायला लागतं. नखानं दाबून बघायचं, धाग्याखाली खोड किंचित हललं पाहिजे. मुळं दगड धरायला महिना-दोन महिने घेतात, तोवर धागा तसाच ठेवा. मॉस बांधायचं असेल तर मात्र सुती धागा, तो कुजून जाईपर्यंत मॉसनं दगड धरलेला असतो. सुपर ग्लूची जेलवाली ट्यूब पण चालते, टिपूसभर लावायचं, पाण्यात गेलं की पांढरं पडतं, त्याला घाबरू नका.

घेताना खोड दाबून बघा. टणक पाहिजे. मऊ किंवा काळं असेल, वास येत असेल, तर कितीही हिरवी पानं असोत, परत ठेवा.

जांबोटीकर | ११ जून

कशाला पैसे घालवताय राव. पाऊस सुरू झालाय, आमच्याकडं ओढ्याला, भाताच्या बांधाला पाण्यातली झाडं नुसती लोळालीत. रविवारी या, पोतंभर घेऊन जा. चोर्ल्याच्या बाजूला तर असली सुंदर फुलं येतात पाण्यात, दुकानात मिळणार नाहीत.

खानापूरची_लाल_माती | ११ जून

दादा, आग्रह मनापासून आहे ते कळतं, पण पोतंभर नको.

एक म्हणजे आपल्या भागातलं बरंचसं जंगल राखीव आहे, आणि भीमगड २०११ पासून अभयारण्य. तिथून काडी उचलणंही गुन्हा. दुसरं, आपल्याला "ओढ्यातलं एक झाड" वाटतं त्यातलं काही जगात दुसरीकडं कुठंच नसतं. उदाहरणार्थ कासच्या पठारावरचं वायतुरा हे पाणझाड. सह्याद्रीपलीकडं कुठं नाही, त्याचा कंद उपटून बादलीत नेणारे लोक आहेत आणि तो टाकीत दोन महिने पण जगत नाही. कारण त्याला पावसाळा संपल्यावर कंदाच्या रूपात झोपायचं असतं, आणि टाकीत कायमच पावसाळा.

भाताच्या खाचरातलं आणू नका ते वेगळ्या कारणासाठी. तणनाशक, कीटकनाशक मारलेलं असतं, मासे झाडावरच्या तेवढ्यानंही जातात.

आपल्या स्वतःच्या शेततळ्यातली, विहिरीतली हायड्रिला, किंवा ओलसर बांधावरची नीरब्राह्मी असेल तर खुशाल घ्या. नीरब्राह्मी टाकीत फार छान चालते, सरळ वर वाढते, वरचा शेंडा तोडून परत रेतीत खोचला की नवीन झाड. दुकानात हीच बाकोपा म्हणून विकतात.

टिळकवाडीचे_काका | ११ जून

आणि विहिरीतलं आणलं तरी थेट टाकीत नाही. त्यातनं जळवा येतात, गोगलगायींची अंडी येतात, आणि सगळ्यात वाईट म्हणजे चतुराची अळी. मातकट रंगाची, दिसत नाही, जबडा पुढं झेपावतो आणि गप्पीची पिल्लं एक एक करून संपवते. माणूस एंजलवर आळ घेत बसतो. पोटॅशियम परमँगनेटच्या फिक्या गुलाबी पाण्यात दहा मिनिटं बुडवा, धुवा, मग दोन आठवडे वेगळ्या बादलीत उजेडाला ठेवा. बादलीत जे काही वळवळायचं ते वळवळू दे.

उलट बाजूनंही तेच. टाकीतली छाटलेली झाडं किल्ला तलावात, ओढ्यात, विहिरीत फेकू नका. वाळवून कचऱ्यात, नाहीतर कुंडीत खत म्हणून. जलपर्णी दक्षिण अमेरिकेतनं फुलाच्या हौसेनं आली आणि रंकाळ्याचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. आणि आपली हायड्रिला १९५० च्या दशकात मत्स्यालयाच्या व्यापारातनं फ्लोरिडाला गेली, तिकडं ती आजही कालवे तुंबवतेय.

जांबोटीकर | १२ जून

वायतुऱ्याचं माहीत नव्हतं ताई. आमच्या विहिरीत नीरब्राह्मी नाही पण तळ्याच्या काठाला आहे, घरचंच तळं. कुणाला पाहिजे असेल तर सांगा, मूठभर आणतो, पोतं नाही.

अथणीचा_द्राक्षवाला | १३ जून

वाचतोय बरेच दिवस, आज लिहितो. आमच्याकडं बोअरचं पाणी एवढं जड की चहासुद्धा वेगळा लागतो. तरी चार फुटी टाकी हिरवीगार आहे, व्हॅलिस्नेरिया, हॉर्नवर्ट, क्रिप्ट आणि नीरब्राह्मी. एक पैशाची "ॲक्वेरियम फर्टिलायझर"ची बाटली आणलेली नाही. बागेला ठिबकमधनं जे सोडतो तेच.

१३:०:४५ म्हणजे शुद्ध पोटॅशियम नायट्रेट. दहा ग्रॅम अर्ध्या लिटर पाण्यात विरघळवून बाटली भरा. ५० लिटर पाण्याला त्यातले २५ मिली, आठवड्यातनं एकदा. म्हणजे अर्धा ग्रॅम जातो, लिटरला साधारण ६ मिलिग्रॅम नायट्रेट वाढतं. मासे जास्त असतील तर त्यांच्या विष्ठेतनंच नायट्रेट येतं, मग नुसतं पालाश (पोटॅश) द्या, ०:०:५०. जावा फर्नच्या आणि अनुबियासच्या जुन्या पानांना टाचणीनं टोचल्यासारखी भोकं पडतात ती बहुतेक पालाश कमी पडल्याची.

लोह मात्र नीट बघून घ्या. दुकानात स्वस्तात ईडीटीए चिलेट (लोहाला विरघळलेलं धरून ठेवणारं रसायन) मिळतं, जड पाण्यात ते लोहाला धरून ठेवत नाही, वाया जातं. डीटीपीए किंवा ईडीडीएचए घ्या. चुनखडीच्या जमिनीत बागेला आम्ही ईडीडीएचएच वापरतो, तेच कारण. पाणी थोडं गुलाबीसर होतं, घाबरायचं नाही. नवीन कोवळी पानं फिकट निघत असतील तरच द्या, नाहीतर नको.

टिळकवाडीचे_काका | १३ जून

वा! हे वहीत उतरवून ठेवलं.

फक्त नवीन लोकांसाठी: १९:१९:१९ ची पिशवी घरात आहे म्हणून तीच घालू नका. तिच्यात युरिया आणि अमोनियाच्या रूपातलं नत्र असतं. बोअरच्या पाण्याचा पीएच चढा, त्यात अमोनिया जास्त विषारी होतो. रात्रीत टाकी साफ.

अथणीचा_द्राक्षवाला | १३ जून

बरोबर. युरिया, डीएपी, १९:१९:१९ तिन्ही टाकीपासून लांब.

अनगोळकर | २९ जून

मंडळी, घेतलं शेवटी. व्हॅलिस्नेरिया मागच्या बाजूला, तीन क्रिप्ट बोळक्यांत (बोळकी खानापूरहून आणली, ताई), दोन अनुबियास ('नाना' प्रकारची) जांभ्याला बांधली, एक जावा फर्न लाकडाला. मार्बल काढून जाडी रेती घातली. दिवा रोज दहा-बारा तास चालू ठेवतोय.

आता अडचण. क्रिप्टची पानं अक्षरशः विरघळालीत, हात लावला की लगदा. व्हॅलिस्नेरियाची जुनी पानं काचेसारखी पारदर्शक. काचेवर तपकिरी भुकटी. जावा फर्नच्या पानाखाली काळे-तपकिरी ठिपके, रांगेत. दुकानदार म्हणतो "लिक्विड कार्बन" घाला, सगळं ठीक होईल.

सगळं काढून परत लावू का?

निपाणीवाला | २९ जून

उपटू नका!! काय बी उपटू नका!!

खानापूरची_लाल_माती | २९ जून

क्रिप्टचं हे नेहमीचं आहे. जागा बदलली, पाणी बदललं की तो पानं सोडून देतो. मुळं जिवंत असतात. लगदा झालेली पानं कात्रीनं खुडा आणि बोळकं तिथंच राहू दे, बोटभरसुद्धा हलवू नका. नवीन पान येतं ते बारीक, कोंबासारखं, गुंडाळलेलं असतं. आलं की एकदा फोटो टाका. पोरीला सांगा, या बोळक्याला हात लावायचा नाही.

जावा फर्नचे ठिपके म्हणजे रोग नाही. ते बीजाणू. पानाच्या टोकाला, काठाला इवलीशी पिल्लं फुटतील, मुळांसकट. तोडून दुसऱ्या दगडाला बांधा.

टिळकवाडीचे_काका | २९ जून

लिक्विड कार्बन अजिबात नको. त्यात बहुतेक वेळा ग्लुटारल्डिहाइड असतं, आणि व्हॅलिस्नेरियाला नेमकं तेच सोसत नाही, ती पार वितळते. म्हणजे आता जे जगतंय तेही जाईल.

तपकिरी भुकटी नव्या टाकीत येतेच, डायटम म्हणतात त्याला, एक प्रकारचं सूक्ष्म शेवाळ. पुसून काढा, काही आठवड्यांत आपोआप कमी होते. दिव्याचे तास मात्र आजच कमी करा. सहा, फार तर सात. दहा-बारा तास उजेड आणि झाडं अजून रुजलेली नाहीत, म्हणजे तो सगळा उजेड शेवाळाला. शंभर-दोनशे रुपयांचा टायमर लावून टाका, माणूस विसरतो. अनुबियास दिव्याच्या थेट खाली असेल तर व्हॅलिस्नेरियाच्या सावलीत सरकवा, सावकाश वाढणाऱ्या पानावर शेवाळ आधी बसतं.

आणि नवीन टाकीत भराभर वाढणारं एखादं झाड पाहिजेच. ते माशांचा अमोनिया आधी खातं आणि शेवाळाला उपाशी ठेवतं. हॉर्नवर्टची एक जुडी वर तरंगत सोडून द्या, मुळं नाहीत, लावायची भानगड नाही. बाकीचं जम धरलं की काढून टाका.

वडगावचा_माग | ३० जून

रात्री लाइट गेली आणि हवेचा पंप बंद पडला तर सकाळी मासे वर तोंड काढून बसलेत का बघत जा. अंधारात झाडं पण ऑक्सिजन घेतात. आमच्याकडं पावसाळ्यात लाइटीचं काही खरं नसतं म्हणून सांगतो. बॅटरीवर चालणारा छोटा पंप मिळतो.

अनगोळकर | २ ऑगस्ट

क्रिप्टला नवीन पानं आली! तपकिरी-लालसर, मुरडलेली. व्हॅलिस्नेरियानं आडवे धावरे सोडलेत, रेतीतनं एकेक पिल्लू वर येतंय, ओळीत. अनुबियास आहे तिथंच आहे, एक पान नवीन. तपकिरी भुकटी जवळपास गेली. कालपासून एक गप्पी हॉर्नवर्टमध्येच लपून बसतेय, पिल्लं घालणार वाटतं.

चिकोडीची_सून | ५ ऑगस्ट

नमस्कार, मी नवीन. सगळा धागा वाचून काढला. आमच्याकडं तीन फुटी टाकी, तीन गोल्डफिश, पाणी बोअरचंच. जे झाड लावते ते सकाळपर्यंत उपटून वर तरंगत असतं नाहीतर खाल्लेलं असतं. सासरे म्हणतात गोल्डफिशबरोबर झाडं होतच नाहीत. खरं आहे का?

टिळकवाडीचे_काका | ५ ऑगस्ट

निम्मं खरं आहे, तुमच्या सासऱ्यांना नमस्कार सांगा. गोल्डफिश दिवसभर रेती चाळत असतो, रेतीत लावलेलं काही टिकत नाही. पण अनुबियास आणि जावा फर्न यांची पानं जाड आणि चवीला वाईट, बहुतेक गोल्डफिश ती सोडून देतात. दोन्ही जड दगडाला बांधा, उपटायचा प्रश्नच नाही. हॉर्नवर्ट खातील थोडा, खाऊ द्या, वाढतो त्याच वेगानं.

आणखी एक, टाकीच्या मागच्या काठाला मनी प्लांटच्या दोन फांद्या अडकवा, मुळं पाण्यात, पानं बाहेर. पानं बाहेर असल्यामुळं कार्बन हवेतनं घेतो, नायट्रेट पाण्यातनं ओढतो. गोल्डफिश घाण करतात त्याला हा चांगला उतारा. मुळं कुरतडायला लागले तर जाळीच्या कपात ठेवा.

चिकोडीची_सून | ५ ऑगस्ट

आणि व्हॅलिस्नेरिया? निपाणीवाले एवढं कौतुक करताहेत म्हणून विचारते.

निपाणीवाला | ५ ऑगस्ट

वहिनी, तीन गोल्डफिशमध्ये सुटी लावली तर जाईल. पण बोळक्यात लावून वर मोठाले गोटे ठेवा, मुळं झाकली जातात, मग टिकते. आमच्याकडं ढीगभर आहे, चिकोडी काय लांब नाही. पुढच्या आठवड्यात मेहुणा येणार आहे तिकडं, त्याच्याकडं देतो.

चिकोडीची_सून | ५ ऑगस्ट

चालेल की! किती द्याल?

निपाणीवाला | ६ ऑगस्ट

दहा-पंधरा रोपं देतो. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत. मेहुण्याला सांगितलंय, बसमध्ये खिडकीच्या उन्हात ठेवू नको आणि पिशवीत पाणी भरू नको, नुसती ओल पुरे. तुम्ही घरी आणल्यावर काकांनी सांगितलेलं गुलाबी पाण्याचं तेवढं करा, आमच्या टाकीत गोगलगायी आहेत. लावताना पानं फुटायची जागा रेतीच्या वर राहू दे, पांढरी मुळं तेवढी खाली. जुनी पानं लांबलचक असतील ती कापून अर्धी करू नका, अर्ध्यातनं कुजतात. मुळापासनं पूर्ण काढा.